शेऱ्याचा रकाना

प्रति,
एचआयव्ही रुग्णनोंदींचे नमुने ठरवणारे अधिकारी, तसेच त्या नोंदींवर संशोधन करणारे डॉक्टर आणि संख्याशास्त्रज्ञ यांस

स. न. वि. वि.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका एआरटी केंद्रावर, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या केंद्रावर, डेटा मॅनेजर आहे. नेमणूक कंत्राटी, खुर्ची एका बाजूला कललेली, अनुभव चौदा वर्षांचा. केंद्राचं नाव लिहीत नाही. आमच्याकडचा एखादा प्रसंग गावासकट सांगितला, तर तो कुणाचा हे त्या गावाला ओळखायला पाच मिनिटंही लागणार नाहीत. खाली आलेल्या प्रसंगांतले तपशीलही तेवढ्यासाठीच थोडे बदलले आहेत.

सगळ्या केंद्रांनी एकाच पद्धतीनं नोंदी कराव्यात, त्यांचा एक प्रमाणित डेटाबेस असावा, त्यावर उपचारही चालावेत आणि संशोधनही व्हावं, असं तुम्ही म्हणता. मला ते हवंच आहे. रोज त्याच त्या माणसाची माहिती तीन ठिकाणी भरणाऱ्याइतकं ते कुणाला हवं असणार? पण या विषयावरच्या ज्या बैठकांना आणि प्रशिक्षणांना मी बसले, तिथं बोलणं सॉफ्टवेअरचं झालं, सर्व्हरचं झालं, डॅशबोर्डचं झालं. रकान्यांचं झालं नाही. म्हणून हे पत्र रकान्यांबद्दल आहे, आणि त्यातही मुख्यतः एकाच.

आमच्या लोखंडी कपाटात जुनी प्री-एआरटी रजिस्टरं आहेत. उपचार मोफत सुरू झाले 1 एप्रिल 2004 ला, देशातल्या मोजक्या केंद्रांवर. आमचं केंद्र त्यानंतर काही वर्षांनी उघडलं. तेव्हा सीडी-4, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारपेशींची संख्या, ठरावीक आकड्याखाली उतरल्याशिवाय गोळ्या सुरू होत नसत, म्हणून 'अजून गोळ्या न सुरू झालेल्यांचं' हे वेगळं रजिस्टर. प्रत्येक ओळीच्या शेवटी, पानाच्या उजव्या कडेला, 'शेरा' असा दोन बोटं रुंदीचा रकाना आहे. माझ्या आधीच्या काउन्सेलर ताईंनी त्यात बारीक अक्षरात लिहिलेल्या काही नोंदी अशा:

'कारखाना बंद झाला, गावी गेले. दिवाळीनंतर येणार.'
'फोन दिरानं उचलला. परत करू नका म्हणाला.'
'देवऋषीकडे चालू आहे. आईला भेटून सांगितले.'
'पुण्यात कामाला लागला, तिथेच गोळ्या घेतो म्हणतो. कागद नेला नाही.'
'मयत. भावाने सांगितले. तारीख माहीत नाही, पोळ्याच्या आसपास.'

ही रजिस्टरं संगणकावर चढवायचं काम मीच केलं, एका मे महिन्यात, पंखा बंद असलेल्या खोलीत. वरून आलेल्या एक्सेलच्या तक्त्यात शेऱ्याला जागा नव्हती. स्थितीचा एक रकाना होता आणि त्यात निवडायला चार-पाच पर्याय. वरच्या पाच जणांपैकी पहिले चौघं मी 'एलएफयू' केले. लॉस्ट टू फॉलोअप, म्हणजे पाठपुराव्यातून निसटलेले. पाचव्याला 'मयत' करणार होते, पण सॉफ्टवेअर तारखेशिवाय मृत्यू घेईना. मग तोही एलएफयू. दिराचा धाक असलेली बाई, पुण्यात नियमित गोळ्या घेणारा मुलगा आणि वारलेला माणूस असे तिघंही एकाच शब्दाखाली गेले. त्या यादीवर कुणी पेपर लिहिला असेल, तर त्यातला मृत्युदर खोटा आहे, आणि त्या खोट्याला थोडी मीही कारण आहे.

आता हा शब्द काय सांगतो ते बघा. कुठल्या व्याख्येत शेवटच्या ठरलेल्या तारखेनंतर 28 दिवस माणूस आला नाही की तो निसटला, कुठे 90 दिवस, आणि संशोधनासाठी ठेवलेल्या काही डेटाबेसमध्ये पुरतं वर्ष. तिन्ही यादींवर नाव एकच असतं. मग एका राज्याची टक्केवारी दुसऱ्या राज्याशी, एका वर्षाची आधीच्या वर्षाशी लावून कोण चांगलं काम करतं ते ठरतं. शिवाय एलएफयूचा आकडा आढावा बैठकीत विचारला जातो. जो आकडा विचारला जातो तो बैठकीच्या आदल्या संध्याकाळी कमी होतो, हे मी एका केंद्रावर डोळ्यांनी पाहिलंय. कुणी पैसे खात नव्हतं, कुणाची नियत वाईट नव्हती; माणसं घाबरली होती, एवढंच.

आमच्या भागात या शब्दाचा सगळ्यात जास्त गोंधळ ऊस करतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बीड, अहिल्यानगर, जालन्याकडून कोयते येतात, मार्च-एप्रिलात परत जातात. (कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक; मुकादमाची उचल त्या जोडीवर असते.) एका हंगामात, जानेवारीच्या शेवटी, तालुक्याच्या तपासणी केंद्राकडून एक बाई आमच्याकडे आली. नवीन पॉझिटिव्ह. तिशीच्या आतबाहेर, अंगात ताप, कोपीवरून चालत आलेली. मी व्हाइट कार्ड (केंद्रात राहणारं नोंदीचं कार्ड) भरलं, ग्रीन बुक (रुग्णाकडे राहणारी वही) दिलं, डॉक्टरांनी तपासलं. काउन्सेलर ताई गोळीबद्दल समजावून सांगायला लागल्या, तर ती मधेच म्हणाली, "रातच्याला घ्यायची, चक्कर येती ती, तीच ना?"

तेव्हाच्या गोळीत एफाव्हिरेन्झ असायचं. त्यानं सुरुवातीला चक्कर येते, भलतीसलती स्वप्नं पडतात, म्हणून ती झोपताना घ्यायला सांगायचे. नवीन रुग्णाला हे ठाऊक असण्याचं कारण नाही. ताईंनी दार लावून घेतलं आणि अर्ध्या तासानं बाहेर येऊन मला म्हणाल्या, कार्ड थांबव. बाई सहा वर्षांपासून गोळ्या घेत होती, मराठवाड्यातल्या एका केंद्रात. पहिला नवरा याच आजारानं गेला. दुसऱ्या लग्नात तिचं नाव बदललं. मराठीत हे सांगायला नको, पण संगणकप्रणाली बनवणाऱ्यांना सांगावं लागतं: आमच्याकडे लग्नात बाईचं पहिलं नाव बदलू शकतं, मधलं बदलतं आणि आडनाव बदलतं. तिन्ही. नावावरून जुळवणी करणाऱ्या कुठल्याही यंत्राला ही बाई सापडणार नाही. जुन्या केंद्रातून कागद आणायला ती तयार नव्हती, कारण तिथं पहिल्या सासरची माणसंही गोळ्या न्यायला येतात.

जुन्या केंद्राच्या यादीवर ती एलएफयू. आमच्या यादीवर, ताई सावध नसत्या तर, ती त्या वर्षीची नवीन रुग्ण, गोळ्या कधीच न घेतलेली. उपचार अर्धवट सुटल्यानं औषधाला विषाणूची सवय झाली असण्याची शक्यता डॉक्टरांच्या डोक्यात आलीच नसती. व्हायरल लोडची, म्हणजे रक्तातला विषाणू मोजायची, पहिली तपासणी नव्या रुग्णासारखी सहा महिन्यांनी ठरली असती, आणि त्याआधीच एप्रिलात ती गावी परतून आमच्याकडेही एलएफयू झाली असती. म्हणजे कागदावर एक बाई दोनदा हरवली आणि एक संसर्ग नव्यानं झाला. बाई मात्र सगळा वेळ ऊस तोडत होती.

नावावर जमत नाही, तर जन्मतारखेवर जुळवा, असं एका तरुण इंजिनियरनं मला सुचवलं होतं. मी त्याला लाइन लिस्टमधले, म्हणजे ओळीला एक रुग्ण अशा यादीतले, पन्नाशीपुढचे रुग्ण काढून दाखवले. निम्म्याहून जास्त 1 जूनला जन्मलेले! गुरुजींनी शाळेत नाव घालताना टाकलेली तारीख. तो हसला, मग गप्प झाला. त्यात इंग्रजी स्पेलिंगची भर: ज्ञानेश्वर कुणी डी-एन-वायनं लिहितो, कुणी जी-एन-वायनं, आणि वैशाली व्हीनंही असते, डब्ल्यूनंही. देवनागरीत मूळ नाव लिहायला एक रकाना दिला असता तर निम्मी भानगड मिटली असती.

न कळणारी तारीख ही जगभरची अडचण आहे आणि ती सोडवलेलीही आहे, म्हणून जास्त वाईट वाटतं. युरोपातल्या वेगवेगळ्या देशांतल्या एचआयव्ही अभ्यासगटांनी आपापला डेटा एकमेकांना देता यावा म्हणून 'हिकडेप' नावाचा एक नमुना ठरवला. त्यात नियम आहे: महिना माहीत पण दिवस माहीत नाही, तर 15 लिहा. फक्त वर्ष माहीत, तर 1 जुलै. घडलं आहे पण कधी ते काहीच माहीत नाही, तर 11 नोव्हेंबर 1911. त्या तारखेला कुणाचंच एचआयव्हीचं औषध सुरू झालेलं नव्हतं, त्यामुळे वाचणाऱ्याला लगेच कळतं की ही खूण आहे. एवढा एक नियम मला त्या मे महिन्यात कुणी सांगितला असता, तर पोळ्याच्या आसपास गेलेला माणूस मयतच राहिला असता. त्याच नमुन्यात रुग्ण सुटला तर का सुटला याचा वेगळा रकाना आहे; गाव सोडलं, दुसऱ्या ठिकाणी उपचार घेतो, स्वतःहून थांबला, ही कारणं तिथं एकत्र कालवलेली नाहीत. थोडक्यात, आमच्या ताईंचा शेरा त्यांनी आकड्यांत बसवला. केनियातल्या एल्डोरेटच्या एचआयव्ही उपचारांच्या कामाशी जोडलेल्या मंडळींनी 2004 च्या सुमाराला ओपन-एमआरएस हे रुग्णनोंदींचं सॉफ्टवेअर सुरू केलं, तेव्हा त्याच्या मुळाशीही संकल्पनांचा एक सामायिक कोशच ठेवला. आधी शब्दांचे अर्थ, मग फॉर्म.

व्हायरल लोडचंही सांगते. एक लॅब लिहिते 'टीएनडी', म्हणजे विषाणू सापडलाच नाही. दुसरी लिहिते '20 पेक्षा कमी', तिसरी '40 पेक्षा कमी', कारण त्यांच्या यंत्राची तेवढीच नजर. रकाना फक्त अंक घेतो. मग कुणी 0 टाकतं, कुणी 20, मी बरीच वर्षं 19 टाकत होते. रिपोर्टवरचं 'पेक्षा कमी' हे सगळ्यात महत्त्वाचं असतं आणि तेच गळतं. हिकडेपमध्ये यंत्राच्या मर्यादेला स्वतःचा रकाना आहे. खर्च किती, तर एका रकान्याचा.

आणि वजन. आमच्याकडे एका रुग्णाच्या कार्डावर ओळीनं चौदा महिने 52 किलो आहे. मी स्वतः भरलंय. वजनकाटा बिघडला होता, रांग बाहेरच्या लिंबापर्यंत गेली होती, आणि गेल्या महिन्याचं वजन खाली उतरवायला दोन सेकंद लागतात. तेव्हा वाटलं, वजनाला कोण बघतंय. मग 2020 पासून डोल्युटेग्राव्हिरची गोळी आली. जोहान्सबर्गमधल्या एका चाचणीनं 2019 मध्येच दाखवलं होतं की या औषधावर काही रुग्णांचं, विशेषतः बायकांचं, वजन बरंच वाढतं. आपल्याकडच्या बायकांचं किती वाढतं, किती जणींची साखर त्यामागून चढते, हा प्रश्न मला पडतो, कारण त्या माझ्यासमोर बसून ब्लाउज घट्ट झाल्याचं सांगतात. पण जुन्या गोळीवरच्या वर्षांचं खरं वजन आमच्याकडे नाही. 52, 52, 52 आहे.

नोंदींनी काय होतं हे तुम्हाला मी सांगणं म्हणजे सूर्याला दिवा दाखवणं आहे. तरी हे पत्र माझे सहकारीही वाचतील, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. भारतात एचआयव्ही असलेले लोक 52 लाखांच्या आसपास आहेत असं सरकारी अंदाज सांगत होते. 2007 मध्ये तो आकडा सुमारे 25 लाखांवर आला. माणसं बरी झाली नव्हती. तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एक लाखाहून जास्त लोकांचं रक्त घरोघरी जाऊन तपासलं, पाहणीची केंद्रं वाढवली, तेव्हा कळलं की ठरावीक दवाखान्यांत येणाऱ्यांवरून सगळ्या देशाचा हिशेब केल्यानं आकडा फुगला होता. आज अंदाज पुन्हा 25 लाखांच्या घरात आहे आणि राज्यांमध्ये सगळ्यात जास्त रुग्ण, जवळपास चार लाख, महाराष्ट्रात आहेत. दुसरी गोष्ट अबाकाव्हिर या एचआयव्हीवरच्या औषधाची. 2008 मध्ये युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासगटांनी 33 हजारांवर रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या आणि त्यांना दिसलं की हे औषध नुकतंच घेतलेल्यांमध्ये हृदयविकाराचा झटका जास्त येतो. त्यावर पुढे बरेच वाद झाले, पण डॉक्टर औषध लिहिताना हृदयाचा विचार करू लागले. एका दवाखान्याच्या वहीत हे कधीच दिसलं नसतं. आणि प्रत्येकाच्या वहीत 'झटका' या शब्दाचा अर्थ वेगळा असता, तर वह्या एकत्र करूनही दिसलं नसतं.

हे फक्त श्रीमंत देशांना जमतं असंही नाही. आंध्रातल्या अनंतपूरसारख्या दुष्काळी जिल्ह्यात, एका ग्रामीण ट्रस्टच्या रुग्णालयानं वर्षानुवर्षं रुग्णांच्या नोंदी नीट ठेवल्या, आणि निदान झाल्यापासून गोळी सुरू होईपर्यंत किती माणसं वाटेत गळतात यावर तिथून अभ्यास निघाले. म्हणजे तिथल्या वहीत शेरा जपला गेला होता.

आता जे सांगायचं आहे ते मला जास्त अवघड जातं. मी एकच डेटाबेस मागते आहे, आणि एकाच डेटाबेसची मला भीतीही वाटते.

जानेवारी 2019 मध्ये सिंगापूरच्या सरकारनं जाहीर केलं की त्यांच्या एचआयव्ही नोंदवहीतल्या 14,200 लोकांची नावं, पत्ते, फोन इंटरनेटवर फुटले आहेत. कुणी बाहेरून कुलूप तोडलं नव्हतं; आत जायची परवानगी असलेल्या एका डॉक्टराच्या जोडीदाराच्या हातात ती यादी पडली होती. सिंगापूरला असं होतं. आपल्याकडे मी एका केंद्रावर पाहिलं ते याहून साधं होतं. महिन्याचा अहवाल घाईनं हवा होता, म्हणून नावासकट लाइन लिस्ट व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकली गेली. तासाभरानं डिलीट केली. त्या ग्रुपवर तेव्हा एकोणतीस जण होते. किती फोनमध्ये ती फाइल आपोआप उतरली, कुणाच्या घरी तो फोन मुलांच्या हातात असतो, हे कोण सांगणार?

2017 चा एचआयव्ही कायदा सप्टेंबर 2018 पासून लागू आहे आणि त्याचं 11 वं कलम नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेवर माहिती जपण्याची जबाबदारी टाकतं. कायदा चांगला आहे. पण कायद्याला पासवर्ड लागत नाही, आम्हाला लागतो, आणि तो पासवर्ड कीबोर्डखाली चिकटवलेला असतो, कारण चार जणांत लॉगिन एक. म्हणून माझं मागणं फार साधं आहे. नाव, पत्ता, फोन एका तक्त्यात राहू द्या आणि तो तक्ता केंद्राबाहेर जाऊ नये. आजार, गोळ्या, तपासण्या दुसऱ्या तक्त्यात, फक्त क्रमांकावर. दोन्ही जोडायची किल्ली कुणाकडे आहे आणि त्यानं ती कधी वापरली, हे लिहिलं जावं, आणि रुग्णानं विचारलं तर त्याला ते दाखवता यावं. प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन द्या. संशोधकाला नाव कधीच लागत नाही. ज्याला लागतं, त्याला आधी का ते विचारा. आरोग्य ओळखपत्राचा क्रमांक जोडायचा तर रुग्णाला समजेल अशा भाषेत विचारून जोडा, आणि तो नाही म्हणाला तर गोळ्यांची बाटली तेवढ्याच वेळात त्याच्या हातात पडली पाहिजे. मघाच्या बाईला क्रमांक विचारला असता, तर ती पुन्हा आली नसती याची मला खात्री आहे. तिची ओळख ताईंच्या अर्ध्या तासानं पटली होती.

त्या अर्ध्या तासाला तुमच्या नमुन्यात जागा करा, हीच माझी खरी विनंती आहे. 'याआधी कुठे गोळ्या घेतल्या का' हा प्रश्न नुसता हो-नाही असा विचारला की उत्तर 'नाही' येतं, कारण 'हो' म्हटलं की मागं पाठवतील ही भीती. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत तो पुन्हा विचारता यावा आणि बदललेलं उत्तर नोंदवता यावं, आधीचं पुसून न टाकता. आणि नवा नमुना आखण्याआधी तुमच्यापैकी कुणीतरी एक आठवडा दोन-चार केंद्रांवर येऊन बसा. कपाटातली जुनी रजिस्टरं काढू. एका हंगामी स्थलांतराच्या जिल्ह्यातलं केंद्र घ्या, एक मुंबईतलं, एक विदर्भातलं. शेरे वाचू, सारखे वाटतात ते एकत्र लावू, आणि त्यांतून कारणांची यादी करू. माझा अंदाज आहे की पंचवीस-तीस कारणांत सगळं बसेल. उरेल त्यासाठी 'इतर' ठेवू आणि त्याच्या बाजूला दोन बोटं जागा.

आणि त्या डेटातून काही निघालं तर ते आमच्याकडे परत पाठवा. आजवर माझ्या केंद्राच्या नोंदी कुठं कुठं गेल्या असतील, पण 'तुमच्या आकड्यांवरून आम्हाला हे कळलं' असं एक पानही आलेलं नाही. मराठीत एक पान पुरे. आम्ही ते ओपीडीच्या भिंतीवर लावू. 52, 52, 52 लिहिणारा हात त्या पानानं थांबेल, तेवढा तो प्रशिक्षणाच्या जेवणानं थांबत नाही.

कळावे,
एका एआरटी केंद्रावरची डेटा मॅनेजर

ता. क. : हे पत्र लिहिताना ते जुनं रजिस्टर पुन्हा काढलं. 'पोळ्याच्या आसपास' वारलेल्या माणसाची तारीख आता तरी भरावी म्हणून त्या वर्षीची पोळ्याची तारीख शोधायला बसले, तर बाजूला बसलेल्या नर्सबाई म्हणाल्या, कुठला पोळा? काही भागांत तो श्रावणाच्या अमावास्येला असतो, काहींत भाद्रपदाच्या, आणि इकडं आम्ही बेंदूर करतो तो त्याआधीच, आषाढात. भाऊ कुठल्या गावचा होता ते रजिस्टरात नाही. दिलेला फोन नंबर लावून पाहिला, तो आता दुसऱ्याच कुणाचा तरी आहे. मी पेन्सिलीनं फक्त वर्ष लिहून ठेवलंय.